पुरे म्हणायची परवानगी

भिंगरी स्वतःला का मारून घेते, याचं उत्तर घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात तयार असायचं. शेजारच्या काकू दारातच सांगून मोकळ्या व्हायच्या: मोबाइल. बाबांचे साहेब फोनवर सांगायचे: शिस्त. आत्या मात्र अशी घाईत उरकणारी नव्हती. ती पार्लर बंद करून यायची, सोफ्यावर ऐसपैस बसायची, उशी मांडीवर घ्यायची आणि मग आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने सांगायची.

"लाड. दुसरं तिसरं काही नाही. पोरीला कळलंय, दोन थपडा स्वतःला मारल्या की अख्खं घर धावत येतं. आम्ही लहानपणी असं केलं असतं तर आमच्या आईने वरून आणखी दोन दिल्या असत्या."

"म्हणून तू इतकी शहाणी झालीस का गं, आत्या?" तोफेने विचारलं.

आईने डोळे वटारले. बाबा वर्तमानपत्राच्या आणखी आत शिरले.

तोफ म्हणजे भिंगरीची मोठी बहीण. हे नाव बाबांनी ठेवलेलं, आणि अगदी अलीकडे. पूर्वी ती पाहुणे आले की स्वयंपाकघरात लपायची. मग शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिला कुणीतरी ढकलून उभं केलं, ती पहिली आली, आणि जगात कुणीही काहीही बोललं तरी त्याला दुसरी बाजू असते हा शोध तिला लागला. तेव्हापासून घरात शांतता नव्हती.

भिंगरी तिच्याहून बरीच लहान. स्वतःभोवती गिरक्या घेते म्हणून भिंगरी. डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता म्हटलं, आत्याने लाड म्हटलं, आणि भिंगरी स्वतः काहीच म्हणाली नाही, कारण ती बोलत नसे. ती गिरक्या घ्यायची, पंख्याकडे बघून हसायची, चमच्याने आपल्या हाताने जेवायची. ते चमच्याचं शिकायला तिला अख्खं वर्ष लागलं होतं. गेल्या महिन्याभरापासून मात्र ती डाव्या हाताची मूठ वळायची आणि गालावर मारायची. एकदा सुरू झाली की मारतच राहायची. झोपेतून उठूनसुद्धा. आई तिच्या शेजारी झोपायची आणि आपला तळवा तिच्या गालावर धरून ठेवायची, म्हणजे मार तळव्याला बसेल. आईची बोटं सुजली होती आणि कामावर टायपिंग करताना ती दर दोन ओळींनी थांबायची.

"बाकी तब्येत छान झालीये हं," आत्या जाता जाता भिंगरीकडे पाहून म्हणाली. "गाल कसा भरलाय बघ वहिनी." दिवसभर लोकांचे चेहरे चोळून पोट भरणारी बाई सांगतेय म्हटल्यावर सगळ्यांना बरं वाटलं. तोफेलाही वाटलं, तिने ते कबूल केलं नाही इतकंच.

खरी पंचाईत आत्याची नव्हती. आत्या येते आणि जाते. पंचाईत शाळेने पाठवलेल्या पिशवीची होती.

ही शाळा विशेष मुलांची. भिंतींवर फुलपाखरं, जिन्याच्या पायऱ्यांवर इंद्रधनुष्य, आणि कचेरीत संचालिकाबाई. संचालिकाबाईंचा आवाज पावाला लावून खावा असा होता. तोफ त्यांना मधाची बरणी म्हणायची. तर या बरणीने पिशवी पाठवली होती आणि पिशवीत दोन कापडी नळ्या होत्या, आतून ताठ पट्ट्या शिवलेल्या, बाहेरून वेल्क्रो. हातात चढवल्या की कोपर वाकत नाही. कोपर वाकलं नाही की मूठ गालापर्यंत पोचत नाही. नळ्यांवर हसरे ससे छापलेले होते आणि शाळेत त्यांना 'शांत बाह्या' असं म्हणत. उद्या आईबाबांनी शाळेत जायचं, बाह्या बांधून बघायच्या, होकार द्यायचा. मग शाळेच्या पूर्ण वेळेत रोज त्या हातावर.

तोफेने एक बाही स्वतःच्या हातात चढवून पाहिली. हात काठीसारखा पुढे उभा राहिला.

"आणि जेवायचं कसं?" तिने विचारलं.

"तिथल्या ताई भरवतील," आई म्हणाली.

"नाक खाजलं तर? तेही ताईच खाजवतील?"

"तू जरा गप बस."

"आई, ती वर्षभर चमचा शिकली. उद्या तुला कुणी ऑफिसात असं बांधून ठेवलं आणि वर म्हणालं, बघा किती शांत बसल्यात..."

"मग मी काय करू?" आई एकदम वळली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तूच सांग ना. तुला सगळं कळतं. काल मूठ डोळ्याच्या इतक्या जवळ लागली. उद्या डोळ्यावर बसली तर? तेव्हा तुझं भाषण ऐकू का मी?"

याला तोफेकडे उत्तर होतं. निदान तिला तसं वाटत होतं. "तिचं कार्ड परत द्या," ती म्हणाली.

कार्डाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण इतक्या शिकलेल्या माणसांनी मिळून इतका मोठा गाढवपणा केल्याचं उदाहरण सहसा एका जागी सापडत नाही. भिंगरीला शाळेनेच एक लाल कार्ड शिकवलं होतं. त्यावर उघडा पंजा. ते समोरच्याला दिलं की अर्थ: पुरे. गोंगाट पुरे, गुदगुल्या पुरे, तुम्ही पुरे. भिंगरी ते शिकली त्या दिवशी टाळ्या वाजल्या, फोटो निघाला, तो शाळेच्या पत्रकात छापून आला. मग भिंगरीने ते कार्ड वापरायला सुरुवात केली. इथेच घोटाळा झाला. मुलाने ते कधीमधी, शक्यतो पाहुण्यांसमोर वापरावं अशी शाळेची कल्पना असावी. भिंगरी ते मनापासून वापरू लागली. मणी ओवणं पुरे. घंटा पुरे. टाळ्यांचं गाणं पुरे. तेव्हा संचालिकाबाईंनी नियम केला की कार्ड कमवायचं. आधी हातातलं काम संपवायचं, मग कार्ड मिळेल. म्हणजे मणी ओवणं पुरे असं म्हणायची परवानगी मणी ओवून झाल्यावर. तोफेने हा नियम आपल्या वर्गात सांगितला तेव्हा मैत्रिणींना वाटलं, ही नेहमीप्रमाणे रचून सांगतेय.

त्यानंतरही भिंगरी कार्डाचा 'गैरवापर' करते असं कळवून शाळेने ते कपाटावर ठेवून दिलं. गैरवापर म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगितलं नाही आणि आईबाबांनी विचारलं नाही, कारण बरणी बोलत असताना मध्ये काही विचारणं असभ्य वाटतं. शाळेच्या सांगण्यावरून घरातलंही कार्ड काढून घेतलं. सातत्य हवं म्हणून. आणि मग थपडा वाढल्या.

"तिचं तोंड बंद केलं तुम्ही," तोफ म्हणाली. "एकच शब्द होता तिच्याकडे, तो कपाटावर ठेवला. मग हातच चालणार ना?"

"शाळेत लोक शिकून आलेत," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"कुठे, ते विचारलंत का?"

बोलून काही होत नाही म्हटल्यावर तोफेने बुटांच्या खोक्याचं झाकण कापलं, लाल रंगवलं, त्यावर पंजा काढला. पंजा जरा खेकड्यासारखा झाला. भिंगरीने ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि पंख्याकडे बघून हसते तशी हसली. मग भिंगरी उठली, गेली आणि ते कार्ड आत्याच्या हातात ठेवलं. पर्स विसरली म्हणून आत्या परत आली होती आणि उभ्या उभ्या शिस्तीवर बोलत होती.

"हे काय गं?"

"तुला दिलंय," तोफ म्हणाली. "पुरे म्हणते ती. मी नाही हं, ती."

आत्या पर्स घेऊन तडक गेली. तोफेला वाटलं, जिंकलो. आता उद्या शाळेत हेच करून दाखवायचं आणि बरणीचं झाकण लावून टाकायचं. मुद्दे तयार होते. शेवटचं वाक्य तर फारच चांगलं होतं.

मग रात्रीची जेवणं झाली. भिंगरीने दोन घास खाल्ले, चमचा ठेवला आणि मूठ वळली. एक, दुसरी, तिसरी. तोफेने धावत जाऊन कार्ड तिच्या दुसऱ्या हातात दिलं. "सांग. काय पुरे? ताटली?" ताटली उचलली. "दिवा?" दिवा घालवला. पंखा बंद केला. नळ घट्ट केला. बाबांनाही खोलीबाहेर काढलं. पुरे म्हणण्यासारखं खोलीत काहीच उरलं नाही. भिंगरीने कार्ड कुणालाच दिलं नाही. तिने ते स्वतःच्या गालावर दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं, आणि कार्डावरूनच मारू लागली.

आईने येऊन तिला कुशीत घेतलं. "बघितलंस ना," एवढंच ती म्हणाली, आणि तिने ते टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तोफ अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडली. तिचा मुद्दा खोडला गेला होता, आणि तोही अशा प्रतिस्पर्ध्याकडून, ज्याला बोलताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळे बसले. टेबलाला गोल कडा होती, मुलांना लागू नये म्हणून. आई, बाबा, भिंगरी, आणि नको म्हटलं असताना आलेली तोफ.

"हिचं आम्हाला फार कौतुक वाटतं," संचालिकाबाई तोफेकडे पाहून म्हणाल्या. "भावंडांचाही एक ताण असतो."

"मला ताण नाहीये. मला एक विचारायचंय. कार्डाचा गैरवापर म्हणजे काय?"

"बाळा, ते जरा तांत्रिक आहे." मग त्या आईकडे वळल्या, कारण तांत्रिक गोष्टी बाळांना सांगत नाहीत. "कसं आहे, 'पुरे' म्हणण्यासाठी समोर काहीतरी चालू असावं लागतं. ही मधल्या सुट्टीत, काहीच चालू नसताना, कार्ड काढते आणि स्वतःच्या गालाला लावते. म्हणजे तिला अर्थ पोचलेलाच नाही. अर्थ नसलेलं चिन्ह हातात ठेवलं तर मूल गोंधळतं. म्हणून आम्ही ते काढलं."

तोफेला कालचं खोलीतलं आठवलं. बरणी बरोबर बोलतेय की काय. तिचं ते चांगलं शेवटचं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"बांधून बघू या?" संचालिकाबाई म्हणाल्या. "पाचच मिनिटं. तुमच्यासमोर. मुलं खरंच निवांत होतात हो."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी टेबलाकडे पाहिलं. एक ताई आली आणि तिने भिंगरीच्या हातांत ससे चढवले, वेल्क्रो करकरलं. भिंगरीने दोन्ही हात समोर धरून पाहिले. वाकवायला गेली. पुन्हा गेली. मग ती हलायची थांबली.

"बघा," संचालिकाबाई कुजबुजल्या.

भिंगरी निवांत झाली नव्हती. ती शोधत होती. तिने भिंत पाहिली, खुर्ची पाहिली, मग टेबलाजवळ आली, वाकली, आणि टेबलाच्या त्या सुरक्षित गोल कडेवर तिने आपला गाल आपटला. पुन्हा मान वर घेतली, नेम धरल्यासारखी, आणि पुन्हा आपटला. तिथेच. कपाळ नाही, हनुवटी नाही, उजवी बाजू नाही.

"ही सुरुवातीची प्रतिक्रिया असते," संचालिकाबाई म्हणाल्या. "आपण दुर्लक्ष केलं की..."

पण आई उठली होती. तिने आपला सुजलेला हात टेबल आणि गाल यांच्यामध्ये घातला, नेहमीसारखाच, आणि तो तिथे असतानाच तिचा चेहरा बदलला. रोज याच जागी हात ठेवणाऱ्या बाईला ही जागा माहीत असणारच. फक्त ती एक ठरलेली जागा आहे, असा विचार कधी कुणी केला नव्हता.

"तीच जागा आहे," आई म्हणाली. "हात नसले तरी तीच जागा." ती वेल्क्रो ओढून काढू लागली. "मॅडम, तुम्ही म्हणालात ना, ती गालाला कार्ड लावते. ती गालालाच म्हणतेय."

"काय म्हणतेय?"

"पुरे," तोफ म्हणाली. आता तिला वाक्यं सापडली, आणि सगळी एकदम. "मॅडम, आत दुखतंय तिच्या. दात, दाढ, काहीतरी. ती महिनाभर तुम्हाला सांगतेय की हा गाल पुरे झाला मला. तिने कार्ड बरोबर वापरलं. तुम्ही शिकवलंत त्याहून चांगलं वापरलं. आणि तुम्ही ते कपाटावर ठेवलंत. आता हातही बांधताय, म्हणजे काही सांगायचंच राहणार नाही. फार निवांत होईल मग."

"दातबित आमच्या कक्षेत येत नाहीत," संचालिकाबाई म्हणाल्या. मध थोडा पातळ झाला होता. "आम्ही वर्तन बघतो."

"हो ना. तेच बघत बसलात."

"पुरे आता," बाबा तोफेला म्हणाले, पण ते उठून भिंगरीला उचलतच म्हणाले.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला खुर्चीत बसवायचा हट्ट धरला नाही. वरचा प्रखर दिवा लावला नाही. आईला जमिनीवर बसायला सांगितलं, भिंगरीचं डोकं आईच्या मांडीवर, बाबांनी खांदे घट्ट दाबून धरले, तसे दाबले की भिंगरीला बरं वाटतं, आणि बाईंनी आधी आपलं बोट तोफेच्या तोंडात घालून दाखवलं. तोफेच्या तोंडात बोट घालायचं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं. मग एका छोट्या टॉर्चने भिंगरीचं तोंड क्षणभर पाहिलं. तेवढं पुरलं. डाव्या बाजूची मागची दाढ किडली होती, खाली पू झाला होता, हिरडी फुगली होती. आत्याचा भरलेला गाल तो हाच.

"किती दिवस आहे हे?" आईने विचारलं.

"बरेच. मोठ्या माणसाला असं झालं असतं तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. ही मुलगी मारत होती का गालावर?"

आईने आपली सुजलेली बोटं पुढे केली.

"मारतात," बाई हात धुता धुता म्हणाल्या. "सांगता येत नसलं की मारतात. कधी दाढ निघते, कधी कान, कधी पोट. कधी काहीच सापडत नाही, तेही सांगून ठेवते. पण आधी बघायचं."

तोफेला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली, आणि थोडा रागही आला. इतकं सोपं वाक्य आपल्याला का सुचलं नाही.

इस्पितळात झोपेचं औषध देऊन दाढ काढली. त्या रात्री भिंगरी सलग झोपली. आईही, बसल्या बसल्या. दुसऱ्या दिवशी आत्या आली, उशी मांडीवर घेतली आणि म्हणाली की तिला पहिल्यापासून दाताचीच शंका होती. तोफेने वहीत डोकं घातलं, कारण काही वाक्यांना दुसरी बाजूसुद्धा नसते.

"मग आता बरी झाली ना पोर?" आत्याने विचारलं.

"ती कशाला बरी होईल? दाढ गेली," तोफ वहीतूनच म्हणाली.

आणि ते खरंच होतं. वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं की भिंगरी अजून मूठ वळायची. झोप कमी झाली की वळायची. फक्त आता घर धावत येऊन 'अगं नको' म्हणत नसे. आधी ड्रिल कुणाचं चाललंय ते बघायला बाबा वर जायचे. वरच्यांशी ते कसे बोलायचे कोण जाणे, पण जायचे.

मग शाळेचा फोन आला. बाबांनी चुकून स्पीकरवर टाकला.

"ऐकून फार आनंद झाला," संचालिकाबाई म्हणाल्या. मध पुन्हा घट्ट झाला होता. "थपडा कमी झाल्या म्हणे. बाह्यांचा एकाच बैठकीत इतका परिणाम आम्हीही अपेक्षिला नव्हता. पत्रकात छोटासा अनुभव छापावा म्हणते. आणि सोमवारपासून नियमित बांधू या."

तोफ खुर्चीवरून उठली. छातीत इतकी वाक्यं जमली होती की कुठलं आधी सोडावं तेच कळेना. तेवढ्यात बाबा बोलले.

"मॅडम, बाह्या आम्ही परत आणून देतोय."

"पण मग तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी?"

"आमची. तशीही आमचीच होती. तुमच्याकडे नुसते ससे होते." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "ती येईल ती गळ्यात कार्ड घालून येईल. कमवायचं वगैरे काही नाही. ती कुणालाही देईल, कितीही वेळा देईल, स्वतःच्या अंगाला लावलं तर आधी तिथे बघायचं आणि मला फोन करायचा. जमत असेल तर सांगा, नाहीतर आम्ही दुसरी शाळा बघतो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"प्रायोगिक तत्त्वावर," संचालिकाबाई शेवटी म्हणाल्या, "बघू या."

"बघा," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. मग ते आपल्याच हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"बाबा," तोफ म्हणाली, "तुम्हाला माझ्या वादविवादाच्या गटात घेते. पण सुरुवात फार हळू करता."